एका अक्षराचं म्युटेशन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नांदेड जिल्ह्यात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवतो. पॉइंट म्युटेशन, म्हणजे बिंदू-उत्परिवर्तन, हा भाग वर्गात दोन तासांत उरकतो. वर्गाबाहेर मात्र त्याचे प्रश्न संपतच नाहीत. किनवट-माहूरकडची मुलं सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा रिपोर्ट दाखवतात, कापूस पिकवणारे पालक बोंडअळीबद्दल विचारतात, लातूरकडचे पाहुणे देवणी गायीच्या दुधाचा विषय काढतात. या सगळ्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: बदल केवढा झाला यापेक्षा तो कोणत्या जागी झाला यावर परिणाम ठरतो. सगळ्यांना एका जागी वाचता यावं म्हणून हे लिहून ठेवलं.

पॉइंट म्युटेशन म्हणजे नेमकं काय?

आपल्या जवळपास प्रत्येक पेशीत डीएनए असतो आणि त्यातली माहिती फक्त चार अक्षरांत लिहिलेली असते: ए, टी, जी आणि सी. आईकडून आलेला एक संच आणि बापाकडून आलेला एक संच, प्रत्येकात सुमारे ३०० कोटी अक्षरं. या लांबलचक मजकुरातले सुमारे २०,००० तुकडे प्रथिनं कशी बनवायची हे सांगतात. ते तुकडे म्हणजे आपली प्रथिनांची जनुकं. रक्तातलं हिमोग्लोबिन, स्नायू, अन्न पचवणारी विकरं हे सगळं त्यांच्याच हुकमानं बनतं.

जनुकातली अक्षरं तीन-तीनच्या गटानं वाचली जातात. या तीन अक्षरी शब्दाला कोडॉन म्हणतात. असे ६४ शब्द होतात. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी; त्यातले ६१ शब्द अशा २० अमिनो आम्लांपैकी कुठलं ना कुठलं सांगतात आणि उरलेले ३ ‘इथे थांबा’ एवढंच सांगतात. ही सांकेतिक भाषा उलगडणाऱ्यांत पंजाबातल्या रायपूर गावी जन्मलेले हरगोबिंद खुराना होते. त्यासाठी त्यांना १९६८ साली आणखी दोन संशोधकांबरोबर नोबेल मिळालं.

या मजकुरातलं एकच अक्षर बदललं, की ते पॉइंट म्युटेशन. एखादं अक्षर गळणं किंवा जादा घुसणं यालाही काही पुस्तकं याच नावाखाली घेतात, काही घेत नाहीत. परीक्षेला तुमचं पुस्तक काय म्हणतं ते पाहा.

तीनशे कोटींत एक अक्षर बदललं तर बिघडतं कुठे?

हे मी वर्गात एका वाक्यानं समजावतो. वाक्यातला प्रत्येक शब्द तीन अक्षरी आहे:

पाऊस लांबला बाजरी पेरली उशिरा

आता ‘उशिरा’चं ‘उशीरा’ करा. लिहिणं बदललं, अर्थ तोच राहिला. डीएनएतही असं होतं. अक्षर बदलतं, पण नवा शब्दही तेच अमिनो आम्ल सांगतो. याला मूक म्युटेशन म्हणतात.

‘पेरली’तल्या ‘र’चा ‘ट’ करा. पाऊस लांबला, बाजरी पेटली. वाक्य धडधाकट आहे, व्याकरणात चूक नाही, पण वावरात भलतंच घडलं. एका अमिनो आम्लाच्या जागी दुसरं बसणं ते हेच. इंग्रजी पुस्तकांत याला मिसेन्स म्हणतात.

‘लांबला’चं ‘थांबला’ करा. पेशी ‘थांबला’ हा शब्द हुकूम म्हणून घेते आणि वाचन तिथेच सोडते. बाजरीपर्यंत गोष्ट जातच नाही. प्रथिन अर्धवट राहतं. हे नॉनसेन्स म्युटेशन. थांबा शब्द जितका अलीकडे येईल तितकं सहसा नुकसान जास्त.

आणि ‘पाऊस’मधला ‘ऊ’ गळाला, पण वाचणारा तीन-तीन अक्षरंच वाचत राहिला तर?

पासलां बलाबा जरीपे रलीउ शिरा

गळालं एकच अक्षर, पण तिथून पुढचा प्रत्येक शब्द वाया गेला. याला चौकट सरकणं म्हणतात, म्हणजे फ्रेमशिफ्ट. अक्षर बदलण्यापेक्षा अक्षर गळणं बहुतेक वेळा जास्त का छळतं, ते या ओळीवरून मुलांच्या लगेच लक्षात येतं.

म्हणजे प्रत्येक म्युटेशन घातकच असतं का?

अजिबात नाही. तुमच्यात, माझ्यात, प्रत्येक नवजात लेकरात आई-बापांत नसलेले सुमारे ६० ते ७० नवे बदल असतात. ‘म्युटेशन’ म्हणजे रोग असं असतं, तर गावात एकही माणूस धड दिसला नसता. डीएनएचा फारच थोडा भाग, शेकडा एक-दोन टक्के, थेट प्रथिनं सांगतो. बाकी ठिकाणी पडलेल्या बऱ्याच बदलांचा कुणाला पत्ताही लागत नाही.

प्रथिन सांगणाऱ्या भागातसुद्धा जागा आणि नवं अक्षर दोन्ही बघावं लागतं. जीएजी हा एक शब्द घेऊ. तो ग्लुटामिक आम्ल सांगतो. त्यातलं एकेक अक्षर बदलून नऊ नवे शब्द होतात. जीएए केलं तर पुन्हा ग्लुटामिक आम्लच. जीएसी किंवा जीएटी केलं तर अॅस्पार्टिक आम्ल, जवळपास त्याच स्वभावाचं भावंड. एएजी केलं तर लायसिन, ज्याचा विद्युतभार अगदी उलटा. टीएजी केलं तर थांबा. जीटीजी केलं तर व्हॅलिन, तेलकट स्वभावाचं, पाण्यापासून अंग चोरणारं. राहिलेले तीन शब्द, सीएजी, जीसीजी आणि जीजीजी, आणखी तीन वेगळी अमिनो आम्लं सांगतात. शब्द एकच, बदल प्रत्येक वेळी एकाच अक्षराचा, आणि परिणाम काहीच नाही इथपासून प्रथिन अर्धवट राहण्यापर्यंत. हा शब्द मी उगाच निवडला नाही. पुढचा प्रश्न याच शब्दाचा आहे.

सिकलसेलमध्ये कुठलं अक्षर बदलतं? आणि त्यानं पेशी विळ्यासारखी का होते?

हिमोग्लोबिनमध्ये चार साखळ्या असतात, दोन अल्फा आणि दोन बीटा. बीटा साखळी १४६ अमिनो आम्लांची. तिचं जनुक अकराव्या गुणसूत्रावर आहे. त्यात सहाव्या अमिनो आम्लाच्या जागी जीएजी असायला हवं, तिथे जीटीजी झालेलं असतं. मधल्या ‘ए’चा ‘टी’. बस, एवढंच. बाकीची १४५ अमिनो आम्लं जशीच्या तशी.

आता जागा बघा. सहावी जागा साखळीच्या बाहेरच्या अंगाला आहे. तिथे ग्लुटामिक आम्ल असलं की हिमोग्लोबिनचे कण एकमेकांपासून सुटे, पाण्यात निवांत तरंगतात. व्हॅलिन आलं की त्या जागी एक तेलकट टोक तयार होतं. हिमोग्लोबिननं प्राणवायू सोडला की शेजारच्या कणावर एक खाच उघडी पडते आणि हे टोक नेमकं त्या खाचेत बसतं. एकाला दुसरा, दुसऱ्याला तिसरा असे कण अडकत जातात आणि पेशीच्या आत दोऱ्यांचे ताठ पीळ तयार होतात. ते पीळ आतून रेटतात, म्हणून गोल, लवचीक पेशी विळ्यासारखी वाकडी आणि कडक होते.

अशी पेशी बारीक रक्तवाहिनीत अडकते. पुढे रक्त पोचत नाही, हाडं-सांधे असह्य दुखतात. साधी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते; ही १० ते २० दिवसांत फुटते. म्हणून रक्त कायम कमी. अंगातलं पाणी कमी झालं, थंडी वाजली, ताप आला, अंगमेहनत फार झाली की त्रास उसळतो. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात अशा लेकराला पाण्याची बाटली सतत सोबत असणं हा औषधाइतकाच महत्त्वाचा उपाय आहे. शाळेतल्या शिक्षकांनी अशा मुलाला पाणी प्यायला आणि लघवीला जायला कधीच अडवू नये, हे मी हात जोडून सांगतो.

या शोधाचा क्रम मला फार आवडतो. १९१० साली शिकागोत जेम्स हेरिक यांनी विळ्याच्या आकाराच्या पेशींचं पहिलं वर्णन छापलं. १९४९ साली लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की या रुग्णांचं हिमोग्लोबिन विजेच्या क्षेत्रात वेगळ्या वेगानं सरकतं, म्हणजे बिघाड खुद्द रेणूत आहे. मग १९५७ साली केंब्रिजमध्ये व्हर्नन इन्ग्रॅम यांनी नेमकं बदललेलं अमिनो आम्ल शोधलं. डीएनएची भाषा तेव्हा कुणाला वाचता येत नव्हती. आधी प्रथिनातली चूक सापडली आणि अक्षर नंतर कळलं.

त्याच सहाव्या जागी जीएजीचं एएजी झालं तर हिमोग्लोबिन-सी बनतं. त्याचे दोन्ही संच असले तरी त्रास बराच सौम्य असतो. जागा तीच, पण तिथे बसलेला पाहुणा वेगळा.

पुस्तकात सहावी जागा आहे, रिपोर्टवर सातवी. बरोबर कुठलं?

दोन्ही. प्रत्येक प्रथिनाची सुरुवात मेथिओनिननं होते आणि इथे ते नंतर छाटलं जातं. छाटल्यावर मोजलं तर सहावी जागा, छाटण्याआधी मोजलं तर सातवी. जुनी पुस्तकं पहिल्या रीतीनं मोजतात, आजचे रिपोर्ट दुसऱ्या.

‘एएस पॅटर्न’ लिहिलंय. म्हणजे माझं लेकरू आजारी आहे का?

नाही. एएस म्हणजे वाहक. एका पालकाकडून चांगलं जनुक (ए) आलंय, दुसऱ्याकडून बदललेलं (एस). अशी माणसं रोजचं जगणं, शेती, नोकरी सगळं नीट करतात. आजार एसएसला होतो, जेव्हा दोन्हीकडून बदललेलं अक्षर येतं. सिकलच्या एका जनुकासोबत थॅलेसेमियाचं (हिमोग्लोबिन कमी बनण्याच्या आजाराचं) एक आलं तरीही आजार होतो, हे लक्षात ठेवा.

दोघं नवरा-बायको एएस असतील तर प्रत्येक गरोदरपणात एसएस लेकरू होण्याची शक्यता चारात एक, वाहक होण्याची चारात दोन, पूर्ण मोकळं असण्याची चारात एक. ‘पहिलं आजारी झालं, आता पुढची तीन चांगली’ हा हिशेब चूक आहे. प्रत्येक वेळी चिठ्ठी नव्यानं निघते.

हे जनुक टिकून का राहिलं, असं मुलं विचारतात. एका संचात हे अक्षर असलेल्या माणसाला जीवघेण्या मलेरियापासून चांगलं संरक्षण मिळतं. डोंगर-जंगलांच्या, मलेरियाच्या पट्ट्यांत अशी माणसं जास्त वाचली, म्हणून हे अक्षर तिथेच जास्त आढळतं. आपल्याकडे विदर्भ, नंदुरबार, आणि नांदेडचा किनवट-माहूर भाग या नकाशात येतो. केंद्र सरकारचं सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सुरू झालं. त्यात ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी ठरली आणि आजाराच्या निर्मूलनाची मुदत २०४७ची आहे.

दोष कुणाकडून आला?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त बोचतो, म्हणून सविस्तर लिहितो.

माझ्या एका विद्यार्थिनीची थोरली बहीण. दुसऱ्या लेकराला एसएस निघालं आणि महिन्याभरात सासरच्यांनी तिला माहेरी आणून सोडलं. ‘तुमच्याच घरात रोग’ हे वाक्य तिच्या वडिलांनी अंगणात उभं राहून ऐकून घेतलं. विद्यार्थिनी दुसऱ्या दिवशी वर्ग संपल्यावर थांबली आणि म्हणाली, सर, वहीत तुम्ही काढलेला तो चौकोन मला आमच्या दाजींना दाखवायचाय. एस एका बाजूनं, एस दुसऱ्या बाजूनं. तिला कळलं होतं ते त्या घरातल्या कुणाला कळलं नव्हतं: एसएस व्हायला बापाचंही एक अक्षर लागतं. एकट्या आईकडून ते होऊच शकत नाही.

आणि बापाचाही यात दोष नाही. हे अक्षर त्याच्या कितीतरी पिढ्या आधी कुणा अनोळखी पूर्वजात बदललं. त्यानं ते मागितलं नव्हतं, कमावलं नव्हतं, त्याला ते दिसलंही नव्हतं. पाप, शाप, ग्रहणात सुरी हातात घेतली, गरोदरपणी पपई खाल्ली, यातल्या कशानंही जीएजीचं जीटीजी होत नाही. लेकरू आजारी आहे ते आधी दवाखान्यात न्या. कुणाला तरी जाब विचारायचा म्हणून रिपोर्ट वापरू नका.

मामाच्या मुलीशी लग्न केलं तर म्युटेशन होतं का?

नात्यात लग्न केल्यानं नवं म्युटेशन होत नाही. आधीच लपून असलेलं अक्षर दोन्ही बाजूंनी एकत्र यायची संधी मात्र वाढते.

हिशेब करून बघू. समजा आजोबा एखाद्या दुर्मीळ आजाराचे वाहक आहेत. त्यांच्या मुलीकडे ते अक्षर जाण्याची शक्यता दोनात एक आणि तिच्या मुलाकडे जाण्याची चारात एक. तसंच मामाकडे दोनात एक, मामाच्या मुलीकडे चारात एक. दोघंही वाहक असण्याची शक्यता सोळात एक आणि त्यांचं लेकरू आजारी निघण्याची चौसष्टात एक. आता त्या मुलानं नात्याबाहेर लग्न केलं आणि समजा बाहेर शंभरात एकच वाहक आहे, तर हीच शक्यता सोळाशेत एक होते. एवढा फरक आहे.

मराठवाड्यात मामाची मुलगी करण्याची रीत जुनी आहे आणि त्यामागे घरातलं माणूस घरात राहावं ही माया आहे, हे मला माहीत आहे. माझ्या घरातही असं लग्न झालेलं आहे. पण घरात सिकलसेल, थॅलेसेमिया, जन्मापासून बहिरेपण किंवा कारण न कळता गेलेलं लेकरू असेल, तर सुपारी फुटण्याआधी दोघांची रक्ततपासणी आणि जनुकीय सल्ला घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. ज्या समाजात वाहक मुळातच पुष्कळ आहेत, तिथे नात्याबाहेरच्या स्थळालाही हीच तपासणी लागते.

थॅलेसेमियाही याच जनुकाचा ना? मग तो वेगळा आजार कसा?

जनुक तेच, जागा वेगळी. सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिन बनतं पण चुकीचं. बीटा थॅलेसेमियात बीटा साखळी बनतच नाही किंवा फार कमी बनते.

त्यातला भारतात सगळ्यात जास्त आढळणारा बदल शिकवण्यासारखा आहे. जनुकाची आधी एक नक्कल निघते, तिला आरएनए म्हणतात. त्यात कामाचे आणि बिनकामाचे तुकडे एकाआड एक असतात. शिंपी कापडावरच्या खुणेवर कात्री चालवतो आणि कामाचे तुकडे जोडतो, तसं पेशीत होतं. इथे पहिल्या बिनकामाच्या तुकड्यातलं पाचवं अक्षर ‘जी’चं ‘सी’ झालेलं असतं. म्हणजे अमिनो आम्ल सांगणाऱ्या एकाही शब्दाला हात लागलेला नाही. पुसट झाली ती कापायची खूण. मग कात्री बहुतेक वेळा भलतीकडे चालते. प्रथिनाबाहेरचं अक्षरही लेकराला आयुष्यभर रक्त चढवायला लावू शकतं, ते असं.

जाता जाता: थॅलेसेमिया मायनर असलेल्या, म्हणजे थॅलेसेमियाची वाहक असलेल्या बाईला अनेकदा फक्त ‘रक्त कमी आहे’ म्हणून वर्षानुवर्षं लोहाच्या गोळ्या दिल्या जातात. गोळ्यांनी हिमोग्लोबिन वाढत नसेल आणि तांबड्या पेशी लहान दिसत असतील, तर एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणाऱ्या तपासणीबद्दल डॉक्टरांना विचारा.

नवी म्युटेशन होतात तरी कशामुळे?

पुष्कळशी आपोआप. पेशी दुभंगताना सगळा मजकूर नव्यानं उतरवला जातो. उतरवणारं विकर आपली चूक आपणच तपासतं, त्यामागून दुरुस्ती करणारी दुसरी टोळी फिरते, आणि तरीही अब्जावधी अक्षरांत एखादी चूक सुटते. शुक्रपेशी पुरुषात जन्मभर नव्यानं बनत असतात, म्हणून बापाचं वय वाढेल तशी लेकरातली नवी म्युटेशन वाढतात, वर्षाला साधारण एक-दोन. हेही सासूबाईंना सांगण्यासारखं आहे.

काही बाहेरून होतात. कडक ऊन त्वचेच्या पेशींत, तंबाखू तोंडाच्या आणि फुप्फुसाच्या पेशींत. आपल्या भागासाठी मी अफ्लाटॉक्सिनचं नाव मुद्दाम घेतो. ओलसर जागी साठवलेल्या भुईमुगाच्या शेंगांवर, मक्यावर हिरवट-पिवळी बुरशी चढते, तिचं हे विष. यकृताच्या काही कर्करोगांत पी-५३ नावाच्या राखणदार प्रथिनाच्या २४९व्या शब्दात एजीजीचं एजीटी झालेलं सापडतं. ही या विषाची ओळखीची खूण. बुरशी आलेल्या शेंगा निवडून, पुसून, भाजून खाऊ नका. भाजल्यानं ते विष पुरतं जात नाही.

एक फरक ध्यानात ठेवा. अंगाच्या पेशीतलं म्युटेशन त्या माणसासोबत संपतं. लेकराकडे जातं ते फक्त बीजपेशीतलं.

किडीला औषधाची ‘सवय’ होते म्हणतात. ते म्युटेशनच का?

‘सवय’ हा शब्द फसवा आहे. एकेका किडीला सवय होत नाही. हजारो किडींमध्ये एखादीच्या अंगात आधीपासून एखादं अक्षर वेगळं असतं. फवारणीनं बाकीच्या मरतात, ती उरते आणि पुढच्या पिढ्या तिच्या होतात. फवारणी अक्षर बदलत नाही, बदललेलं अक्षर निवडून काढते.

पायरेथ्रॉइड औषधांचं उदाहरण बघा. ही औषधं किडीच्या मज्जातंतूवरच्या सोडियमच्या दारात अडकून बसतात. घरमाशीत या दाराच्या प्रथिनातला १०१४वा शब्द सीटीटीचा टीटीटी झाला की ल्युसिनच्या जागी फेनिलअॅलनिन येतं. दार नेहमीसारखं उघडतं-मिटतं, औषधाला मात्र पकड मिळत नाही. मलेरियाच्या डासांतही त्याच जागेवर हाच बदल सापडतो.

२०१७च्या हंगामात गुलाबी बोंडअळीनं मराठवाड्यात काय केलं ते वेगळं सांगायला नको. बीटी कपाशीतल्या विषाला अळीच्या आतड्यातल्या कॅडहेरिन प्रथिनावर बसावं लागतं. तग धरलेल्या अळ्यांत त्या जनुकात तऱ्हेतऱ्हेचे बिघाड सापडले. ते सगळे एका अक्षराचे नाहीत, बरेच मोठे आहेत. बांधाकडेनं नॉन-बीटी कपाशी लावायला सांगतात ती यासाठीच: तिथे साध्या अळ्या जगाव्यात आणि तग धरलेल्या अळीचा जोडीदार साधा निघावा.

देवणीचं, लाल कंधारीचं दूध ‘ए-टू’ असतं. हेही म्युटेशनच?

हो, आणि अगदी स्वच्छ उदाहरण. दुधातल्या बीटा-केसिन प्रथिनाच्या ६७व्या जागी सीसीटी असलं की प्रोलिन, ते ए-टू. सीएटी झालं की हिस्टिडिन, ते ए-वन. मूळचं ए-टू आणि नंतर बदललेलं ए-वन. देशी गायींत बहुतेक ए-टूच सापडतं, होल्स्टिनसारख्या विदेशी जातींत दोन्ही. म्हशीचं दूधही ए-टूच, हे विकणारे फारसं सांगत नाहीत.

हिस्टिडिन असलं की पचनात त्या ठिकाणी साखळी सहज तुटते आणि बीसीएम-७ नावाचा लहान तुकडा सुटतो. त्यानं मोठे आजार होतात असं म्हणतात, पण युरोपच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणानं २००९ साली सगळा पुरावा तपासला तेव्हा कारण आणि आजार यांचा संबंध सिद्ध होत नाही असंच दिसलं. आपल्याकडे ऑगस्ट २०२४मध्ये एफएसएसएआय या देशाच्या अन्न सुरक्षा संस्थेनं पाकिटावरचे ए-वन, ए-टू हे दावे काढायला सांगितलं आणि काही दिवसांतच तो आदेश मागे घेतला. देवणी सांभाळावी याची माझ्याकडे भक्कम कारणं आहेत: ऊन सोसते, शेतीकामाला बैल देते, आपल्या मातीतली आहे. त्यासाठी दुप्पट भावाच्या दुधाला औषध म्हणायची गरज नाही.

म्युटेशन झालेलं धान्य खाल्लं तर चालतं का?

तुम्ही रोज खाता. रानटी ज्वारीचे दाणे पिकले की गळून पडतात. कणसात दाणा टिकून राहतो तो म्युटेशनमुळे. ज्वारीच्या एका जनुकात वेगवेगळ्या भागांत तीन वेगवेगळे बदल झाले, त्यातला एक कापायच्या खुणेतल्या एकाच अक्षराचा आहे. तो शेतकऱ्याच्या नजरेनं निवडला गेला नसता, तर हुरडा भाजायला कणीसच हाती लागलं नसतं. हरितक्रांतीचा बुटका गहूही अवेळी आलेल्या ‘थांबा’ शब्दामुळेच बुटका आहे. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातून आलेले टीएजी-२४ सारखे भुईमुगाचे वाण किरणांनी घडवलेल्या म्युटेशनच्या वंशातले. ते बियाणं किरणोत्सारी नसतं.

मेंढपाळ मंडळींसाठी एक: सुंदरबनातल्या गारोळ मेंढीत एका अक्षराचा बदल आहे, त्याला फेक-बी म्हणतात. एका प्रथिनात ग्लुटामिनच्या जागी आर्जिनिन येतं आणि मेंढी जुळी देते. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं तो दख्खनी मेंढीत आणून ‘नारी सुवर्णा’ तयार केली.

गोरा-सावळा रंगही एका अक्षरावर ठरतो का?

पूर्ण नाही, पण भारतीयांच्या रंगातल्या फरकात एका अक्षराचा मोठा वाटा आहे. एसएलसी-२४-ए-५ या जनुकात १११व्या जागी अॅलनिनऐवजी थ्रिओनिन आलं की त्वचा उजळ होते. स्थळाच्या जाहिरातीत ‘गोरी’ लिहिणारे त्या एका अक्षराला भाव देतात. मुलीची बुद्धी, स्वभाव, कष्ट यांचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही.

रिपोर्टवर ‘व्हीयूएस’ लिहिलंय. घाबरायचं का?

त्याचा अर्थ, अक्षर बदललेलं दिसतंय पण त्यानं काही होतं की नाही हे आजच्या माहितीवर ठरवता येत नाही. हा आजाराचा निकाल नाही. रिपोर्ट जपून ठेवा, वर्ष-दोन वर्षांनी पुन्हा वाचून घ्या. अशा नोंदींचा अर्थ नंतर बदलतो, आणि बऱ्याच निरुपद्रवी ठरतात.

बदललेलं अक्षर दुरुस्त करता येतं का?

आता येऊ लागलंय. २०२३च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत सिकलसेलवरच्या पहिल्या जनुक-संपादन उपचाराला मान्यता मिळाली. तो त्या सहाव्या जागेवरचं अक्षर दुरुस्त करत नाही. जन्मानंतर बंद होणारं गर्भातलं हिमोग्लोबिन पुन्हा सुरू करतो.

खुद्द अक्षर बदलणारं तंत्रही आहे, त्याला बेस एडिटिंग म्हणतात. सिकलसेलमध्ये त्याची एक सुंदर अडचण आहे. आजच्या एडिटरला ‘टी’चा ‘ए’ करता येत नाही, पण ‘टी’चा ‘सी’ करता येतो. मग जीटीजीचं जीसीजी होतं, म्हणजे व्हॅलिनच्या जागी अॅलनिन. मूळचं ग्लुटामिक आम्ल परत येत नाही, पण असं हिमोग्लोबिन काही माणसांत निसर्गतःच सापडतं, मकासार नावानं, आणि ते पेशी वाकडी करत नाही. उंदरांवर हे करून झालंय. २०२५ साली अमेरिकेत यकृताच्या एका दुर्मीळ आजारानं जन्मलेल्या तान्ह्या बाळासाठी खास त्याच्याच अक्षराचा एडिटर बनवून दिला गेला.

हे उपचार आज आपल्या खिशाच्या फार बाहेर आहेत. हायड्रॉक्सियुरियाची गोळी मात्र आजही मिळते. ती गर्भातल्या हिमोग्लोबिनचं प्रमाण वाढवते आणि दुखण्याचे झटके कमी करते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली ती नियमित घ्यावी लागते. बरं वाटलं म्हणून मध्येच सोडू नका.

सिकलसेलची तपासणी कशी होते?

आधी बोटातून थेंबभर रक्त घेऊन सॉल्युबिलिटी चाचणी करतात. ती स्वस्त आणि झटपट आहे, पण एएस आणि एसएस यांत फरक सांगत नाही. ती पॉझिटिव्ह आली की इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करावीच लागते. आणि तान्ह्या बाळाच्या रक्तात गर्भातलंच हिमोग्लोबिन जास्त असतं, त्यामुळे पहिल्या सहा महिन्यांत सॉल्युबिलिटी चाचणी खोटी निगेटिव्ह येऊ शकते. आई-बाप दोघं वाहक असतील, तर त्या निगेटिव्हवर विसंबू नका, बाळाची एचपीएलसी करून घ्या.